ओळंबा

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण एकदा वर्गात समजावून सांगत होतो. आमची शाळा उर्दू माध्यमाची. गणित हा आमचा विषय. पण मराठीचे सर रजेवर गेले की तो तासही आमच्याकडेच येतो. मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "सर, जो रोज दुसऱ्याचेच घर बांधतो, त्याने काय पाहिले म्हणायचे?" वर्ग हसला. आम्हाला मात्र हसू आले नाही. त्या मुलाचा बाप सेंट्रिंगच्या कामावर होता आणि आमचे अब्बा चाळीस वर्षांपासून गवंडी. दोघांपैकी एकाचेही तोपर्यंत स्वतःचे घर नव्हते.

दखनीत आम्ही स्वतःला 'हम' म्हणतो. मराठी लिहितानाही ती सवय सुटत नाही, म्हणून इथे 'आम्ही'. शिवाय घराची गोष्ट एकट्याची कधीच नसते. त्यात आई-बाप असतात, बायको-मुले असतात आणि ज्यांचे नाव कुठल्याच पाटीवर लिहिले जात नाही असे वीसपंचवीस मजूरही असतात.

३० सप्टेंबर १९९३ रोजी आम्ही सहा वर्षांचे होतो. औशात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. आदल्या रात्री गणपतीचे विसर्जन झाले होते, गाव उशिरा झोपले होते. पहाटे चार वाजायला चार मिनिटे कमी असताना जमीन हलली. अम्मीने आम्हा भावंडांना ओढत अंगणात आणले एवढेच आठवते. उजाडल्यावर अब्बा मिळेल त्या वाहनाने किल्लारीच्या बाजूला निघून गेले आणि तिसऱ्या दिवशी परतले. अंगावर तेच कपडे, ते मातीने पांढरे झालेले. आठ दिवस त्यांनी थापीला हात लावला नाही. आम्हाला वाटले, मढी उचलून थकले असतील.

खरे कारण आम्हाला कळले ते पंचवीस वर्षांनी.

किल्लारीच्या भूकंपाचे आकडे आपल्या सर्वांना माहीत आहेत. तीव्रता ६.२ ते ६.४ च्या दरम्यान, म्हणजे जगाच्या मानाने मध्यम. आणि मृत्यू सरकारी हिशेबानेच आठ हजारांच्या घरात. मध्यम धक्क्यात इतकी माणसे का मेली? माणसांना धक्क्याने मारले नाही, घरांनी मारले. आपल्या भागातले जुने दगडी घर दिसायला किल्ल्यासारखे. भिंत दोन-अडीच फूट जाड. वर लाकडी तुळयांवर माळवद, आणि पावसाळ्याआधी गळती थांबावी म्हणून त्यावर दरसाल मातीचा नवा थर. थरावर थर चढत जातो आणि घरातल्या माणसांच्या डोक्यावर किती वजन साठले याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

आता ती जाड भिंत. ती एक भिंत नसते, दोन असतात. बाहेरून दगडांची एक रांग, आतून दुसरी, आणि मधल्या पोकळीत माती नि खडे. या दोन रांगा एकमेकींना धरून ठेवायच्या तर जागोजाग आरपार जाणारा लांब दगड घालावा लागतो. तो दगड शोधायला, घडवायला वेळ लागतो, मजुरी लागते. तो वाचवला तरी भिंत तशीच दिसते, रंग दिला की ओळखूही येत नाही. जमीन हलली की मात्र दोन्ही रांगा दोन दिशांना फुगतात, फुटतात आणि माळवद खाली येते. ज्या घरांचे माळवद भिंतीऐवजी लाकडी खांबांच्या खणांवर उभे होते, तिथे भिंती ढासळल्या तरी छत पुष्कळ ठिकाणी तोलून राहिले. म्हणजे वाचण्याची विद्या गावातच होती. ती महाग पडू लागली म्हणून मागे पडली.

त्यानंतर जे झाले तेही आपल्या जिल्ह्यांच्या इतिहासात नोंदलेले आहे. जागतिक बँकेच्या कर्जातून लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यांत पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम झाला. बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. घर किती मोठे मिळणार हे जमिनीवर ठरले: भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, सात हेक्टरांहून जास्त जमीन असणाऱ्याला ७५०. ज्याच्याकडे आधीच कमी होते त्याला घरही कमी मिळाले. भूमिहीनांत मुसलमान होते, दलित होते, बलुतेदार होते. भूकंपाने सगळ्यांना एका रांगेत झोपवले, पुनर्वसनाने पुन्हा ज्याच्या त्याच्या रांगेत उभे केले. तरी एक गोष्ट चांगली झाली. गवंड्यांना नवे तंत्र शिकवले गेले. जोत्याला, दारे-खिडक्यांच्या माथ्याला आणि छताखाली घरभर फिरणारी काँक्रीटची पट्टी हवी, कोपऱ्यात उभी सळई हवी, हे अब्बांनी तिथेच शिकून घेतले. शाळेत ते चौथीपर्यंतच गेले होते. पण घराला कमरपट्टा का बांधायचा हे त्यांच्याइतके सोपे करून आम्हाला बी.एड.च्या वर्गातही कोणी काही शिकवले नाही.

पुढे आम्ही शिकलो, शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षे मानधनावर काढली आणि नांदेडला स्थिर झालो. २०१७ साली घराचा विचार सुरू केला. पहिल्यांदा तयार फ्लॅट पाहिले. एका ठिकाणी नमुन्याचा फ्लॅट दाखवणारा माणूस फार अगत्याने बोलत होता. टाइल्स, नळ, लिफ्ट, सगळे दाखवले. फॉर्म भरायला नाव विचारले. आम्ही सांगितले. तो आत जाऊन आला आणि म्हणाला, "सर, हा तर कालच बुक झाला." असे दोन ठिकाणी झाले. तिसऱ्या ठिकाणी आम्ही नाव आधीच सांगितले, म्हणजे टाइल्स पाहण्याचा वेळ वाचला.

मग आपल्या लोकांच्या वस्तीत, देगलूर नाक्याच्या पुढे, प्लॉट शोधू लागलो. तिथे नाव कोणी विचारत नव्हते, पण कागदही कोणी दाखवत नव्हते. शेताचे तुकडे पाडलेले, चुन्याच्या फकीने आखलेले, आणि मालकी शंभर रुपयांच्या बाँडवर. अशा प्लॉटवर बँक कर्ज देत नाही, घरकुल योजनेचे अनुदान मिळवायला गेले तर आधी मालकीचा पुरावा मागतात. ज्याला कर्जाची आणि अनुदानाची सर्वांत जास्त गरज, तोच कागदाअभावी बाहेर. शेवटी गुंठेवारीत नियमित झालेला वीस बाय तीसचा एक प्लॉट मिळाला. थोडी बचत, अम्मीच्या बांगड्या आणि पतसंस्थेचे कर्ज.

गुंठेवारीच्या कायद्याबद्दल इथे दोन शब्द लिहिले पाहिजेत. महाराष्ट्राने तो २००१ साली केला आणि २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना लागू होईल अशी वाढवली. गरिबाला त्याचा आधार आहे, हे आम्ही स्वतः अनुभवले. पण शुल्क भरले की कागद नियमित होतो, कॉलम नियमित होत नाही. आत सळई किती आहे, पाया किती खोल आहे, हे पाहायला आमच्याकडे कोणी आले नाही. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी तुर्कस्तानात भूकंप झाला, पन्नास हजारांहून अधिक माणसे त्या एका देशात मेली. तिथेही २०१८ साली दंड भरून बेकायदा इमारतींना माफी देण्याची योजना आली होती. भूकंपानंतर ठेकेदारांना अटक झाली, पण सरकारने दिलेली माफी भूकंपाने मानली नव्हती.

बिल्डरांना लगाम घालायला २०१६ चा रेरा कायदा आला, महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून त्याचे प्राधिकरण सुरू झाले. ताबा दिल्यावर पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर बिल्डरने तो स्वखर्चाने दुरुस्त करावा, अशी चांगली तरतूद त्यात आहे. पण पाचशे चौरस मीटरपर्यंतची जागा किंवा आठपर्यंतचे फ्लॅट असलेल्या प्रकल्पाला नोंदणीची सक्ती नाही. आणि नांदेड-लातूरकडचे बहुतेक घर कसे बांधले जाते? मालक, एक ठेकेदार आणि वहीच्या पानावर लिहिलेला चौरस फुटाचा भाव. तिथे कायदा दाराबाहेर उभा असतो. आत फक्त माणसाची नियत असते.

२०१८ च्या दिवाळीनंतर आमचे काम सुरू झाले. अब्बांचे गुडघे गेलेले, म्हणून ठेकेदार नेमला. अब्बा खुर्ची टाकून समोर बसत. वाळूचा पहिला ट्रॅक्टर आला तेव्हा त्यांनी नातवाची पाण्याची बाटली मागवली, तीत मूठभर वाळू टाकून पाणी घातले, हलवली आणि ठेवून दिली. तासाभराने वाळूवर बोटभर गाळ बसला. ट्रॅक्टर परत गेला. ठेकेदार आम्हाला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, गोदावरीच्या चांगल्या रेतीचा भाव माहीत आहे का? म्हाताऱ्या माणसाला काय कळते?" आम्ही त्याला सांगितले, त्यांनाच कळते. शेवटी काही काम नदीच्या वाळूत आणि काही क्रशरच्या कचीत झाले. एका ट्रॅक्टरसाठी नदीचे पात्र किती खरवडले गेले असेल, हा विचार आम्ही त्या वेळी केला नाही. घर बांधणारा माणूस थोडा आंधळा होतो.

मग सळईचा प्रश्न. कॉलमच्या रिंगांची टोके ठेकेदाराचा माणूस काटकोनात वळवत होता. अब्बा म्हणाले, "अंदर मोड, बेटा, अंदर." टोक आतल्या बाजूला, १३५ अंशांत वळले पाहिजे, काटकोनातली रिंग मोठ्या धक्क्यात उघडते आणि उभ्या सळया मोकळ्या होतात. आम्ही इतकी वर्षे कोन शिकवतो. पंचेचाळीस अंशांच्या फरकावर माणसाचा जीव अवलंबून असतो हे कधी शिकवले नव्हते. चार रुपयांची जादा सळई आणि अर्ध्या मिनिटाची मेहनत, एवढाच काय तो खर्च.

पाण्याची गोष्ट अवघड होती. काँक्रीटला साध्या सिमेंटमध्ये किमान सात दिवस आणि मिश्र सिमेंटमध्ये दहा दिवस ओलावा लागतो. तो मिळाला नाही तर ते वरून वाळते, आतून पिकत नाही. पण ते साल दुष्काळाचे होते. तीनच वर्षांपूर्वी, एप्रिल २०१६ मध्ये, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, ते आम्ही विसरलो नव्हतो. गल्लीत बाया हंडे घेऊन टँकरची वाट पाहत आणि आमच्या दारात आम्ही भिंतीवर पाणी मारायचे! पहिल्या दिवशी शेजारची खाला काही बोलली नाही, नुसती पाहत राहिली. दुसऱ्या दिवशी अब्बांनी जुनी पोती आणवली, भिजवून कॉलमला गुंडाळली. स्लॅबवर मातीची आळी करून पाणी साठवायचे ठरवले. वजूचे आणि भांडी विसळल्याचे पाणीही वाया जाऊ दिले नाही. निम्म्याहून कमी पाण्यात काम झाले. मराठवाड्यात घर बांधणाऱ्याची पहिली जबाबदारी कोणती असे कोणी विचारले, तर आम्ही हेच सांगू.

स्लॅबचा दिवस रविवार होता. मिक्सर आला, पंचवीस माणसांची टोळी आली. शिडीवर रांग लागली, घमेली हातोहात वर जाऊ लागली. आम्ही पाणी द्यायला शिडीपाशी गेलो आणि चौथ्या पायरीवरच्या मुलाने एकदम मान फिरवली. तो आमच्या नववीतला, तोच मागच्या बाकावरचा. पंधरा दिवसांपासून गैरहजर होता. हजेरीपटात आम्ही रोज त्याच्यापुढे 'गै' लिहीत होतो आणि पुढच्या नावाकडे जात होतो.

"सर, आज तो छुट्टी है ना," तो म्हणाला.

मुकादमाला विचारले. त्याने सांगितले, बाप हैदराबादला तिसऱ्या मजल्याच्या परांचीवरून पडला, कंबर गेली, घरी पडून आहे. मुलाला रोजी द्यायची नसेल तर आत्ता खाली उतरवतो. पण रांग तुटेल. स्लॅब मध्येच थांबवता येत नाही. आधीचा थर घट्ट झाल्यावर नवा टाकला तर तिथे सांधा राहतो, पाणी झिरपते. हे आम्हाला आता चांगले ठाऊक झाले होते.

आम्ही गप्प बसलो. संध्याकाळपर्यंत तो घमेली देत राहिला. संध्याकाळी सगळ्यांना जिलेबी वाटली, त्याच्या हातात दोन दिवसांची मजुरी ठेवली. त्याने एकाच दिवसाची घेतली.

त्या रात्री झोप आली नाही, तेव्हा अब्बांनी ती गोष्ट सांगितली. भूकंपाच्या तीन वर्षे आधी किल्लारीच्या अलीकडच्या एका गावात त्यांनी एका शेतकऱ्याचे घर बांधले होते. उस्तादांनी शिकवले होते की आरपार दगड घातल्याशिवाय भिंत चढवू नको. मालक म्हणाला, लग्न तोंडावर आले आहे, दगड घडवत बसू नका. अब्बांनी एकदा सांगून पाहिले, मग गप्प बसले. भूकंपाच्या सकाळी ते त्याच घराकडे गेले होते. घरातली म्हातारी आणि दोन लेकरे त्यांनी स्वतःच्या हातांनी बाहेर काढली. "मालक बोला था, पर दीवार तो मैं बांधा था ना," ते म्हणाले, आणि बराच वेळ त्यांनी आमच्याकडे पाहिले नाही.

त्यांनी आम्हाला दोष दिला नाही. पण एक गप्प बसणे आणि दुसरे गप्प बसणे आमच्या मनात शेजारी शेजारी येऊन उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो. बापाच्या नावाची कुठेच नोंद नव्हती. १९९६ साली बांधकाम कामगारांसाठी केंद्राने कायदा केला होता. बांधकामाच्या खर्चावर उपकर घेऊन त्यातून कामगाराला अपघातात, आजारपणात, मुलांच्या शिक्षणात मदत द्यायची अशी त्याची रचना. त्यासाठी नोंदणी लागे, आणि नोंदणीसाठी वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला. आज या ठेकेदाराकडे, उद्या त्या नाक्यावर उभ्या राहणाऱ्याला दाखला देणार कोण? अठरा वर्षांखालच्या मुलाची तर नोंदणीच होत नव्हती. आणि आम्ही मालक? स्वतःच्या राहत्या घराचे दहा लाखांपर्यंतचे बांधकाम त्या कायद्याच्या बाहेर होते. आमचा खर्च नऊ लाखांत आटोपला. कायद्याने आमच्यावर कसलीच जबाबदारी नव्हती. एवढे मोकळे असूनही इतके अवघडल्यासारखे आम्हाला कधी वाटले नव्हते.

तो मुलगा चार महिने शाळेत आला. वह्या-पुस्तकांचे आम्ही पाहिले, बापाच्या औषधांसाठी शाळेतल्या काहींनी वर्गणी केली. मग एक दिवस घराला कुलूप दिसले. सगळे हैदराबादला गेले होते. दहावीच्या यादीत त्याचे नाव आले नाही.

२१ मार्च २०२४. रमजानचा दहावा रोजा होता. फजरची नमाज होऊन घरातले पुन्हा आडवे झाले होते. सहा वाजून आठ मिनिटांनी भांडी वाजली, पंखा हलला. दहा मिनिटांनी आणखी एकदा. केंद्र हिंगोली जिल्ह्यात, तीव्रता ४.५. नांदेडकरांना जमिनीची कुरकुर नवी नाही. २००६-०७ मध्ये तर शहरात वर्षभर लहान हादरे येत होते. मुलांना घेऊन आम्ही रस्त्यावर आलो. अख्खी गल्ली बाहेर होती. अब्बा मात्र आले नाहीत. परत आत गेलो तर ते भिंतीला तळहात लावून उभे होते, आजाऱ्याच्या कपाळाला लावावा तसा. कुठेही तडा नव्हता. गल्लीतल्या दोन घरांना दारावर तिरप्या भेगा गेल्या होत्या.

"ठीक है," अब्बा म्हणाले. आम्हाला आनंद झाला. त्याच क्षणी डोक्यावरच्या छताकडे लक्ष गेले. ते ज्यांनी वर चढवले त्यांच्यात तोही होता. आज तो कुठे असेल, त्याच्या डोक्यावर कसले छत असेल, हे आम्हाला माहीत नाही.

आता नव्या वर्षी नववीचा पहिला तास आम्ही ओळंब्याने सुरू करतो. अब्बांचा जुना पितळी ओळंबा वर्गात नेतो, दोरीला धरून सोडतो. तो थोडा हेलकावतो आणि मग सरळ उभा राहतो. मुलांना सांगतो, याला मालक कोण, ठेकेदार कोण, हिंदू कोण, मुसलमान कोण, काही कळत नाही. त्याला फक्त खाली आणि वर कळते. वाळूत, सळईत, मजुराच्या हजेरीत केलेली चोरी ही तोलमापातलीच चोरी आहे, आणि ती रंगाखाली फार दिवस झाकून राहत नाही.

बिल्डरांनी, इंजिनिअरांनी, सरकारने काय करावे हे सांगणारे पुष्कळ आहेत, आणि ते सांगितलेच पाहिजे. आम्ही घर बांधणाऱ्या साध्या माणसांना एवढेच विचारू: आपल्या शिडीच्या चौथ्या पायरीवर कोण उभे आहे, ते आपण एकदा वर मान करून पाहिले आहे का? आम्ही पाहिले होते. पाहूनही गप्प राहिलो. म्हणून तर हे लिहिले.

आणि आता हजेरी घेताना कोणापुढे सलग तीन दिवस 'गै' आला, तर आम्ही पुढच्या नावाकडे जात नाही. शाळा सुटली की आधी त्याच्या घरी जातो.